राज्याची सीमा आणि राखीव सैनिकाची पलटण

पूर्णवेळ सैनिकाची बदली हा सैन्याच्या दृष्टीने रोजचा व्यवहार असतो, कारण त्याचा वेळ, त्याचे राहणे आणि त्याचा पगार हे सारे एकाच धन्याच्या हाती असते आणि तो धनी त्याला बेळगावहून बारामुल्लाला धाडतो तेव्हा सैनिकाची ट्रंक आणि त्याचे कागद एकाच आदेशाने हलतात. राखीव सैनिकाचे तसे नसते. वर्षातील बहुतेक महिने तो बँकेतला अधिकारी, शाळेतला शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी असतो, उरलेल्या काळात गणवेश चढवतो, आणि राहते घर बदलण्याचा निर्णय तो सैन्याला विचारून घेत नाही. नवी नोकरी, लग्न, मुलांचे शिक्षण किंवा चाळीचा पुनर्विकास तो निर्णय त्याच्यासाठी घेऊन टाकतात. अशा माणसाने राज्य बदलले की त्याची पलटणही बदलावी काय, आणि बदलायची तर कोणाच्या संमतीने, हा प्रश्न वरकरणी आस्थापना शाखेतील कारकुनी वाटतो. राखीव सैनिकाच्या फावल्या वेळावर अखेर हक्क कोणाचा, राज्याचा, केंद्राचा, पलटणीचा की मालकाचा, याचे उत्तर मात्र त्याच कारकुनीत दडलेले असते, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या उत्तराकडे आहे.

'राखीव' या शब्दाखाली निरनिराळ्या व्यवस्था एकत्र येत असल्याने त्या आधी वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे. नियमित सैन्यात काही वर्षे काढून घरी परतलेला, पण युद्धप्रसंगी पुन्हा बोलावता येईल असा जवान ही पहिली जात. तिच्यासाठी ब्रिटिश सरकारने १८८८ मध्ये राखीव सैन्याचा स्वतंत्र कायदा केला होता. दुसरी जात नागरी व्यवसाय न सोडता सैनिकी शिक्षण घेणाऱ्या नागरिकाची. भारतात ती 'प्रादेशिक सेना' या नावाने ओळखली जाते आणि बोलताना सर्रास 'टेरिटोरियल' किंवा नुसते 'टीए' म्हटले जाते. तिसरे दल सैन्य नव्हे, तरी त्याची घडण सैनिकी आहे आणि मुंबईकराच्या ते अधिक परिचयाचे आहे. गणेश विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीच्या वाटेवर पोलिसांच्या बरोबरीने दोरखंड धरून उभे असलेले होमगार्ड ते हेच. या तिन्हींत राज्याच्या सीमेचा अर्थ वेगवेगळा होतो.

प्रादेशिक सेनेचा पूर्वेतिहास वसाहतकाळात आहे. इंग्लंडमध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांनी १९०७ चा कायदा करून स्वयंसेवक पथकांची एकत्रित 'टेरिटोरियल फोर्स' उभारली, ती परगण्यापरगण्याच्या संस्थांकडे सोपवली, आणि १ एप्रिल १९०८ पासून ती अस्तित्वात आली. पलटण भूमीशी बांधलेली असावी आणि शेजारीपाजारी एकाच तुकडीत असावेत, हा त्या योजनेचा गाभा होता. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात १९२० मध्ये एकाच वर्षी दोन कायदे झाले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रहिवाशांसाठी 'ऑक्झिलियरी फोर्स' आणि हिंदी लोकांसाठी 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' अशी ती वाटणी होती. ऑक्झिलियरी फोर्सचे कर्तव्य स्थानिक स्वरूपाचे ठेवण्यात आले, म्हणजे मुंबईच्या गोऱ्या स्वयंसेवकाने मुंबईचेच रक्षण करावे; टेरिटोरियल फोर्समधील हिंदी शिपायावर मात्र देशात कोठेही, आणि आणीबाणीत विशेष आदेशाने देशाबाहेरही, जाण्याची जबाबदारी होती. ज्याच्या दलाला 'टेरिटोरियल' म्हटले त्याला भूमी सोडावी लागे आणि ज्याच्या दलाच्या नावात भूमीचा उल्लेखही नव्हता तो घरी राही, ही विसंगती त्या काळच्या राज्यकर्त्यांना फारशी खुपली नसावी. दोन्ही दलांतील तफावतीवर हिंदी पुढाऱ्यांनी टीका केल्यावर सर जॉन शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिने १९२५ मध्ये अहवाल दिला.

या वाटणीचा अवघडपणा कळण्यासाठी गिरगावातील खोताच्या वाडीसारखी वस्ती डोळ्यांपुढे आणणे उपयोगी ठरते. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी, बाहेरच्या बाजूने लाकडी जिना चढलेल्या तिच्या घरांसह, प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी वसवली. ही कुटुंबे मूळची उत्तर कोकणची, घरात मराठीची बोली बोलणारी, आडनावे मात्र पोर्तुगीज. आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. धर्म, पेहराव आणि आडनाव एका बाजूला आणि वंश दुसऱ्या बाजूला अशी स्थिती असलेल्या माणसाला वंशावर उभारलेल्या दोन दलांच्या चौकटीत बसवताना कायद्याची जी ओढाताण होई, तीच पुढे राखीव सैनिकाला राज्याच्या चौकटीत बसवताना निराळ्या रूपाने होऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर ही वांशिक विभागणी गेली. प्रादेशिक सेना कायदा १९४८ मध्ये संमत झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. तो दिवस आजही तिचा वर्धापनदिन म्हणून पाळला जातो आणि 'सावधानी व शूरता' हे तिचे बोधवाक्य मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण आणि सेनादले हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, तर सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यांच्या सूचीत. त्यामुळे प्रादेशिक सेना नावाने प्रादेशिक असली तरी कायद्याने पूर्णतः केंद्राची आहे. महाराष्ट्रातून कर्नाटकात राहावयास गेलेल्या जवानाची बांधिलकी त्या स्थलांतराने कणभरही कमी होत नाही, आणि मुळात नागरी सत्तेच्या साहाय्यासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित सैन्याला पूरक म्हणून बोलावले गेल्यास हजर होण्याची जी जबाबदारी कायद्याच्या सातव्या कलमाने त्याच्यावर टाकली आहे, तिच्यात राज्याचा संबंधच येत नाही.

कायदा असा देशव्यापी असला तरी पलटणीचे शरीर स्थानिकच राहिले. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न १०१ इन्फन्ट्री बटालियन पुण्याची, त्याच रेजिमेंटची १०९ कोल्हापूरची, पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न ११६ देवळालीची, तर ग्रेनेडियर्सशी संलग्न ११८ या पलटणीचे नाव नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याशी जोडले गेले. मुळात या सेनेच्या तुकड्या दोन प्रकारच्या कल्पिल्या होत्या. 'शहरी' तुकडीतील जवानाने नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या वेळेनंतर कवायत करावी, वर्षाकाठी तीस दिवसांचे शिक्षण पुरे करावे आणि त्यातच चौदा दिवसांचे शिबिर उरकावे, अशी व्यवस्था होती. 'प्रांतिक' तुकडीतील जवानाला मात्र वर्षातून सलग दोन महिने शिबिरासाठी द्यावे लागतात. शहरी तुकडी राहत्या घरापासून लोकलच्या अंतरावर असेल तरच चालते. प्रांतिक तुकडीला घर कोठे आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते, कारण दोन महिन्यांसाठी जवान कोठूनही रेल्वेचे वॉरंट घेऊन येऊ शकतो. सुरुवातीच्या प्रादेशिक सेनेत तोफखाना, हवाई संरक्षण, सिग्नल्स अशा शाखाही होत्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांतील बहुतेक नियमित सैन्यात गेल्या वा मोडल्या आणि पायदळाच्या पलटणी हाच या सेनेचा मुख्य भाग उरला. त्याबरोबर शहरातील चाकरमान्याला आठवड्याच्या सुट्टीत सैनिक करण्याची कल्पनाही मागे पडली. राष्ट्रीय संरक्षणाच्या हिशेबात हे कदाचित योग्यच होते, परंतु मुंबईसारख्या शहराने त्यात काही गमावले, असे म्हणण्यास जागा आहे.

आता प्रत्यक्ष बदलीकडे. कोल्हापूरच्या पलटणीत नाव असलेला एखादा जवान नोकरीनिमित्त कोइमतूरला स्थायिक झाला आणि तेथे मद्रास रेजिमेंटशी संलग्न अशी प्रादेशिक सेनेचीच ११० क्रमांकाची पलटण असल्याचे त्याला कळले, तर देशाचा कायदा त्याच्या आड येत नाही. आड येतात त्या पलटणीच्या अंगच्या गोष्टी. पायदळाची प्रत्येक पलटण एका रेजिमेंटशी संलग्न असते आणि त्या रेजिमेंटची भाषा, रणघोषणा, सणवार आणि भरतीची परंपरा तिच्यात उतरलेली असते. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत वाढलेल्या नाईकाला दुसऱ्या रेजिमेंटच्या पलटणीत सामावून घेणे अशक्य नसते, पण रिक्त जागा, हुद्दा आणि कामाचा प्रकार हे सारे जुळावे लागते. हुद्द्याची बाब अधिक नाजूक आहे, कारण खालच्या श्रेणींतील बढती पलटणीतील जागांवर अवलंबून असते आणि बाहेरून आलेला हवालदार हा तेथल्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक नाईकाला आपल्या वाट्यात आलेला वाटेकरी वाटतो. त्यामुळे अर्ज जातो तो आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत, आणि निर्णय ठरतो तो समोरच्या पलटणीची गरज पाहून.

कागदावर ही बदली दोन नोंदींची असते. जुन्या पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये, म्हणजे जवानाच्या रजा, लग्न, अपत्यजन्म, बढती अशा वैयक्तिक घडामोडी ज्या अधिकृत आदेशपत्रात क्रमवार छापल्या जातात त्यात, त्याचे नाव पटावरून कमी केल्याची नोंद होते. तिला सैन्याच्या बोलीत 'एसओएस' म्हणतात. नव्या पलटणीच्या आदेशपत्रात पटावर घेतल्याची, 'टीओएस'ची, नोंद होते. गणवेश, बूट, चादरी आणि वेब इक्विपमेंट यांची जमा-नावे मिटवून 'नो ड्यूज' मिळवावे लागते, शीट रोल म्हणजे जवानाची सेवापत्रिका योग्य हाती पोहोचावी लागते. नियमित सैनिकाच्या बाबतीत या दोन नोंदींमधील दिवस प्रवासाचे धरले जातात आणि त्याचा पगार चालू राहतो. राखीव सैनिकाच्या बाबतीत मधल्या काळात शिबिरच नसेल तर त्याचा पगारही नसतो, म्हणून नोंदीतील विलंब कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो तो अनेक वर्षांनी, सेवेचे दिवस मोजून ग्रॅच्युइटी किंवा पदक ठरवण्याची वेळ आली म्हणजे. गृहिणीच्या वाणसामानाच्या वहीत एक पान गळाले तर हिशेब महिनाअखेरीस बिनसतो तसे हे असते, फक्त येथे महिना वीस वर्षांचा असतो.

या सगळ्यातून सुटण्यासाठी पुष्कळ जण पलटण बदलतच नाहीत. घर बंगळुरूला, कवायत कोल्हापुरात, अशी विभागणी प्रांतिक पद्धतीत निभावून जाते, आणि आता भरतीचे क्षेत्रही जिल्ह्यापुरते राहिलेले नाही. पुण्याच्या दक्षिण विभागीय गटाच्या भरतीत महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील राज्यांतील उमेदवारांनाही बोलावले जाते. सर्वांच्या परिचयाचे उदाहरण महेंद्रसिंह धोनी यांचे. रांचीत जन्मलेला आणि चेन्नईच्या संघाचे नेतृत्व केलेला हा खेळाडू २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल झाला तो बंगळुरूच्या १०६ इन्फन्ट्री बटालियनशी जोडला जाऊन, आणि २०१९ मध्ये त्याने त्या पलटणीबरोबर पंधरवडा काढला तो काश्मिरात. मानद हुद्द्याची गोष्ट निराळी हे मान्य करूनही, 'प्रादेशिक' या विशेषणाचा प्रदेशाशी किती संबंध उरला आहे हे त्यावरून दिसते.

होमगार्डच्या बाबतीत चित्र नेमके उलटे होते, आणि मराठी भाषकांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत उद्बोधक आहे. या दलाची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईतच झाली. जातीय दंग्यांच्या त्या काळात पोलिसांच्या मदतीला नागरिकांचे शिस्तबद्ध दल असावे म्हणून तत्कालीन मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी त्याचा पुरस्कार केला, १९४७ मध्ये त्यासाठी मुंबई होमगार्ड कायदा झाला, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर इतर राज्यांनी हेच रूप उचलले. विषय सुव्यवस्थेचा असल्याने प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि प्रत्येक राज्याचा महासमादेशक वेगळा. लालबागच्या होमगार्डाने बडोद्याला बिऱ्हाड हलवले तर त्याच्यासाठी बदली अशी वस्तूच नाही. त्याने येथे मुक्त व्हावे आणि तेथे नव्याने नाव नोंदवावे, इतकेच. जुनी सेवा, जुने प्रशिक्षण आणि परेडला मिळवलेला मान हे सारे सीमेच्या अलीकडे राहते. कर्तव्य भत्त्यावर सेवा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत यात मोठे आर्थिक नुकसान नसेलही, पण वर्षानुवर्षे रात्रपाळीचा बंदोबस्त केलेल्या माणसाला नवशिक्यांच्या रांगेत उभे करण्यात औचित्य नाही, हे स्पष्टपणे म्हणावयास हवे.

या नियमाची कसोटी माणसे न हलता सीमाच हलली तेव्हा लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा हे मुंबई राज्याचे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचेच दोन भाग झाले. अशा प्रसंगी आधीचे कायदे त्या त्या भूभागात, विधिमंडळ ते बदलेपर्यंत, चालू राहतात अशी तरतूद करण्यात आली होती. म्हणून सुरतेत होमगार्ड मुंबईच्याच नावाच्या कायद्याखाली राहिले, पण आज्ञा मात्र दुसऱ्या राज्याच्या गृहखात्याच्या पाळू लागले. केंद्राच्या सैन्यात मात्र पानही हलले नाही. १९२२ पासून बेळगावात असलेले मराठा रेजिमेंटचे केंद्र १९५६ नंतरही बेळगावातच राहिले आणि सीमाप्रश्नाच्या सर्व वादळांतून आजतागायत तेथेच आहे. परिणामी चंदगड तालुक्यातील मराठा जवान शेजारच्या बेळगावी रेजिमेंट केंद्रात जातो तेव्हा त्याने राज्य ओलांडलेले असते, पण संस्था ओलांडलेली नसते; त्याच गावचा होमगार्ड मुलीच्या घरी बेळगावला कायमचा राहावयास गेला तर तो त्या क्षणी कोणत्याच दलाचा राहत नाही. बोली तीच, बाजारपेठ तीच, बहुधा एसटीही तीच.

राज्याच्या सीमेला सैन्याच्या आतही असेच वजन असलेला देश म्हणजे अमेरिका, आणि न्यूजर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांना त्याची ओळख असणे स्वाभाविक आहे. तेथे राखीव सैन्याची दोन स्वतंत्र अंगे आहेत. 'आर्मी रिझर्व्ह' केंद्राचे. त्यातील सैनिक राज्य बदलून नव्या तुकडीत गेला तरी तो एकाच दलात फिरत असतो. 'नॅशनल गार्ड' मात्र मूळच्या वसाहतींच्या मिलिशियाचा वारस आहे आणि अमेरिकन राज्यघटनेने मिलिशियाचे अधिकारी नेमण्याचा व तिला शिकवण्याचा अधिकार राज्यांकडे राखून ठेवला आहे. पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि प्वेर्तो रिको, ग्वाम व व्हर्जिन बेटे मिळून तेथे चोपन्न गार्ड आहेत. शांतताकाळात राज्याच्या गार्डचा सेनापती राज्याचा गव्हर्नर असतो आणि भरतीची शपथ केंद्र व राज्य या दोहोंच्या नावे घ्यावी लागते. १९३३ पासून प्रत्येक गार्ड सैनिक एकाच वेळी राज्याच्या गार्डमध्ये आणि देशाच्या राखीव दलात नोंदला जातो, आणि १९९० मध्ये पर्पिच खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही दुहेरी नोंदणी वैध ठरवताना, अशा माणसाकडे नागरिकाची, राज्याच्या सैनिकाची आणि देशाच्या सैनिकाची अशा तीन टोप्या असून एका वेळी त्यातील एकच डोक्यावर असते, अशा आशयाचे स्पष्टीकरण दिले.

म्हणून न्यूजर्सीचा गार्ड सैनिक टेक्सासला गेला की प्रश्न दोन गव्हर्नरांमधला होतो. त्यासाठी 'आंतरराज्य बदली' नावाची रीतसर प्रक्रिया आहे: जुन्या राज्याने सशर्त मोकळीक द्यायची, नव्या राज्याने आपल्याकडील रिकामी जागा दाखवून स्वीकार करायचा, आणि तोवर सैनिक जुन्याच राज्याच्या पटावर राहतो. भारतीय होमगार्ड आणि अमेरिकन नॅशनल गार्ड यांचा घटनात्मक पाया इतका सारखा असताना अमेरिकेने दोन सार्वभौम मानलेल्या राज्यांमध्ये जो पूल बांधला, तो भारतात एकाच कायद्याच्या पोटी जन्मलेल्या महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्येही नाही. सेवापत्रिका एका महासमादेशकाकडून दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. गृहखात्यांमधील एक करार पुरतो.

भारतातील उरलेल्या प्रकारांचा उल्लेख ओझरता पुरे. रेल्वेच्या प्रादेशिक सेनेच्या इंजिनिअर रेजिमेंट या खातेनिहाय तुकड्या. त्यांत जवान रेल्वेचा नोकर असल्याने सैन्याचा आणि खात्याचा पट एकमेकांत गुंतलेला असे, आणि १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात गाड्या चालत्या ठेवण्यासाठी त्यांचा वापर झाला. पुढे त्यांतील बहुतेक रेजिमेंट मोडण्याचे धोरण रेल्वेने स्वीकारले. पर्यावरण पलटणी, उदाहरणार्थ मराठवाड्यात वनीकरणासाठी उभारलेली महार रेजिमेंटशी संलग्न १३६ क्रमांकाची, माजी सैनिकांच्या असतात, आणि मराठवाड्यातील या पलटणीचा खर्च राज्य सरकार उचलत असल्याने केंद्राच्या सैन्यात राज्याची सीमा येथे मागच्या दाराने पुन्हा आत येते.

राहता राहिला मालक. प्रादेशिक सेना कायद्याच्या ७-अ कलमानुसार सैनिकी सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या माणसाला परतल्यावर पूर्वीच्या कामावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने नकार दिल्यास विहित प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तो प्राधिकारी फेरनेमणुकीचा किंवा सहा महिन्यांच्या वेतनाइतक्या मर्यादेपर्यंत भरपाईचा आदेश देऊ शकतो. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने हेच संरक्षण अधिक विस्ताराने दिले आहे. राज्य बदलणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत अडचण अशी की हे कर्तव्य त्या मालकावर येते ज्याच्या नोकरीतून त्याला बोलावले गेले. गिरगावातील बँकेत पंधरा वर्षे काढलेल्या माणसाच्या दोन महिन्यांच्या शिबिराची तेथल्या व्यवस्थापकाला सवय झालेली असते, रजेचा नमुना तयार असतो, त्याच्या जागी बसणारा सहकारी ठरलेला असतो. बंगळुरूच्या नव्या खासगी कंपनीने कायद्याचे हे कलम कधी पाहिलेलेच नसते. तेव्हा स्थलांतराचा पहिला कागद पलटणीला नव्हे तर नव्या मालकाला द्यावा, नेमणूकपत्रावर सही होण्याआधी द्यावा, आणि त्याची पोच घेऊन एक प्रत कमांडिंग ऑफिसरकडे धाडावी, कारण नोंदी उशिरा का होईना जुळवता येतात, परंतु बोलावणे आल्यावर कंपनीशी सुरू झालेला वाद शिबिराच्या तारखेसाठी थांबत नाही.